एका चपलेचा सुसाट

टिपणीसकाका कुठल्याही दारातून पहिले बाहेर पडल्याचं मला आठवत नाही. लग्नाची पंगत असो, नाटक असो, नाहीतर चाळीतली सत्यनारायणाची पूजा, शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत ते एका हाताने दार धरून उभे राहायचे आणि येणाऱ्या प्रत्येकाला म्हणायचे, "आधी तुम्ही." म्हातारी माणसं आशीर्वाद देत जायची, पोरं त्यांच्या हाताखालून पळायची. सगळे गेले की काका मान आत घालून खोलीभर एकदा नजर फिरवायचे, मग दिवा मालवायचे आणि मग स्वतः निघायचे.

बसच्या रांगेतही तेच. कल्याणच्या एका कचेरीत ते नकाशे काढायचे. संध्याकाळी डोंबिवलीची बस आली की मागच्या बाईला वाट द्यायचे, तिच्या मागच्या म्हाताऱ्याला द्यायचे, तोवर कंडक्टर घंटी मारून मोकळा. एकदा माझे वडील त्यांच्याबरोबर होते. घरी आल्यावर आईला म्हणाले, "प्रभाकरबरोबर बसने येणं म्हणजे चालत येण्यासारखंच आहे. फरक एवढाच, की चालत आलो असतो तर पोचलो तरी असतो."

चाळीत कुणी धावपळ करायला लागलं की काका म्हणायचे, "सावकाश. घाईत माणूस फक्त स्वतःला उचलतो." हे वाक्य आम्ही पोरं त्यांच्याच आवाजात, नाकातून बोलून दाखवायचो. त्याचा अर्थ विचारायची गरज कुणाला वाटली नाही. मला तर नाहीच.

तर अशा ह्या माणसाने सुसाट काढला.

आता पन्नाशी-साठीत असलेल्या आमच्या भागातल्या माणसांना सुसाट सांगावा लागत नाही. तरीही सांगतो. मुलांच्या एका मासिकात मागच्या चार पानांवर तो यायचा. जगातला सगळ्यात वेगवान माणूस. पण त्याला ना पंख, ना मुखवटा, ना पाठीवर फडफडणारं कापड. अंगात बनियन, खाली रेघांचा पायजमा. एरवी साधा कारकून. कुणी मदतीला हाक मारली की कानावर पडायचा अवकाश, हा निघाला. आणि एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी. का, ते गोष्टीत कधीच सांगितलेलं नव्हतं. तो बोलायचा एकच शब्द: "आलो!" बाकी सगळं इतरांनी बोलायचं.

धावणारा माणूस दाखवायचा तर चित्रकार त्याच्या मागे रेघा ओढतात. काकांनी कधी ओढल्या नाहीत. ते सुसाटला धावताना काढायचेच नाहीत. तो जिथून गेला ती जागा काढायचे. दोरीवरची सगळी धुणी एका बाजूला झुकलेली. भाजीवालीच्या तराजूचं पारडं हललेलं आणि ती चिडून भलत्याच गिऱ्हाइकाकडे बघत असलेली. चहाच्या कपातून उडालेला एक थेंब. पुढच्या चौकटीत एकदम सुसाट पोचलेला, पोराला विहिरीच्या काठावरून उचलून घेतलेला. ह्या चित्रांसाठी ते आम्हाला चाळीच्या गॅलरीतून पळायला लावायचे आणि स्वतः आमच्याकडे न बघता मागे कोण दचकलं, काय सांडलं, ते बघत बसायचे. खोपकरांचा विजू विचारायचा, "काका, मी कसा पळालो?" काका म्हणायचे, "तू दिसलाच नाहीस, पण जोशीकाकूंचे पापड उडाले. म्हणजे चांगला पळालास."

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं. गंमत नव्हती ती सुसाटच्या चेहऱ्यात. तो चेहरा माझ्या वडिलांचा होता. पुढे आलेले कान, मधेच तुटलेली डावी भुवई, खाली ओढलेला ओठ. बनियन त्यांचं. पायजमा त्यांचा. आणि ती एक चप्पलसुद्धा.

का ते सांगायला आधीची एक दुपार सांगावी लागेल.

आमची चाळ डोंबिवली पूर्वेला. तळमजल्यावर फरसाणवाल्याची भट्टी. दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी कढईतल्या तेलाने पेट घेतला आणि जाळ लाकडी जिन्याला लागला. मी समोरच्या मैदानात गोट्या खेळत होतो. वरच्या गॅलरीत माझे वडील आणि टिपणीसकाका कॅरम खेळत होते. चाळीची माणसं एकमेकांना हाका मारत मागच्या जिन्याने उतरत होती. तेवढ्यात बाबा बाहेर आले. बनियनवर, एका पायात चप्पल. मैदानाच्या मधून ते जे सुटले ते थेट मोठ्या रस्त्याकडे. मी "बाबा!" म्हणून ओरडलो. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. सगळ्या चाळीने ते पाहिलं.

वरच्या शेवटच्या खोलीत काशीमावशी होती. एकटी, कमरेपासून खाली लुळी. टिपणीसकाका रोज सकाळी तिला चहा नेऊन द्यायचे. बंब आला, लोकांनी तिला बाहेर काढलं, खोलीचं दार उखडून त्याच्यावर आडवं घालून तिला नेलं. काही दिवसांनी ती गेली. टिपणीसकाका मागच्या जिन्याच्या पायथ्याशी खोकत बसलेले सापडले होते. डोळे लाल, हात काळे. लोक म्हणाले, बिचारा प्रभाकर, तिला आणायला गेला होता, धुरापुढे इलाज चालला नाही. आणि दिगू, म्हणजे माझे वडील? दिगू पळाला.

बाबा सांगत होते की मी बंब बोलवायला धावलो. डॉक्टरांच्या दवाखान्यातला फोन बंद होता, म्हणून तसाच पुढे बंबवाल्यांकडे गेलो. पण ते पोचायच्या आधीच लाकडाच्या वखारवाल्याने बंब बोलावला होता. त्यामुळे बाबांच्या धावण्याला काही पुरावाच राहिला नाही. लोक तोंडावर "असेल असेल" म्हणत. पाठ वळली की म्हणत, पळालेला माणूस दुसरं काय सांगणार?

आणि मग वर्षभरात मासिकात सुसाट आला. बाबांच्या तोंडाचा, एका चपलेचा, जगातला सगळ्यात जोरात पळणारा माणूस.

चाळ हसून हसून लोळली. बाबा संध्याकाळी कामावरून आले की विजू आणि पोरं गॅलरीत लपून बसायची. बाबा जिना चढायला लागले की एक जण ओरडायचा, "आलो!" आणि सगळी धूम पळायची. शाळेत मला 'एकचप्पल' नाव पडलं. चाळीतला दुसरा कुणी असता तर एवढं झोंबलं नसतं. पण हे बाबांच्या मित्राने केलं होतं. रोज त्यांच्यासमोर बसून सोंगट्या मारणाऱ्या माणसाने केलं होतं. हा राग मी तेव्हा जो धरला तो पुढे धंद्यातल्या पहिल्या भांडवलासारखा जपून ठेवला.

बाबांनी मात्र प्रत्येक अंक वाचला. खिडकीत बसून, सावकाश. एकदा मी अंक त्यांच्या हातातून ओढून घेतला आणि म्हणालो, "तुम्हाला लाज नाही वाटत?" ते अंकाकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "पाय माझेच आहेत. प्रभाकरने चांगले काढलेत." थोड्या वेळाने म्हणाले, "ह्याचं बरं आहे रे. हा पोचतो."

मला त्यांचीच लाज वाटायची. मित्राला घरी आणायचं झालं तर बाबा घरात नसतील अशी वेळ मी बघायचो.

मिसरूड फुटताच मी चाळ सोडली. दिवा स्टेशनजवळ एका पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो आणि पाडलेल्या इमारतींची जुनी दारं-खिडक्या विकायला लागलो. आज माजिवड्याला माझं दुकान आहे, दिव्याला गोदाम आहे. ठाण्यापासून कल्याणपर्यंत जुनी इमारत पाडायची ठरली की बिल्डरची माणसं मला बोलावतात. सागवानी चौकट दुरून ओळखतो, आणि भाव करताना माझा आवाज दोन गल्ल्या ऐकू जातो, असं लोक म्हणतात. खरं आहे. गोड बोलून मला कुणी काही दिलेलं नाही, त्यामुळे गोड बोलायची सवय लागली नाही.

अधूनमधून सुसाट कानावर यायचा. कारण सुसाट म्हातारा होत होता. काकांनी पहिल्यापासून एक नियम ठेवला होता: सुसाट जेवढा धावेल तेवढं त्याचं आयुष्य खर्च होईल. प्रत्येक धावेला एक केस पिकायचा. मासिकाच्या मालकाला ते मान्य नव्हतं. "नायक कधी म्हातारा होतो का हो? गोळी घ्यायला लावा त्याला काहीतरी!" काका म्हणाले, "धावल्याची किंमत पडली नाही तर त्यात धावण्यासारखं काय राहिलं?" शेवटी पहिला सुसाट पांढऱ्या केसांचा झाला, आणि एका गोष्टीत त्याने आपली ती एकुलती एक चप्पल काढून पुतण्याच्या हातात दिली. तोपर्यंत घराघरांत टीव्ही आले होते. मालकाला दुसऱ्या सुसाटसाठी मोटारसायकल आणि दंडाचे गोळे हवे होते. काकांनी हडकुळा पोरगा काढला, कुरिअर वाटणारा. अनवाणी पायाने, चप्पल एकच. मासिक बंद पडलं. मग दिवाळी अंकांत कधी दोन पानं, कधी चार, अशा जागेत हा दुसरा सुसाट धावत राहिला आणि तोही पिकत गेला. बाबा असेपर्यंत ते अंक घरी यायचे. त्यांच्या तेराव्याला टिपणीसकाका आले होते. जेवणानंतर मांडवाच्या तोंडाशी उभे राहून "आधी तुम्ही" चाललंच होतं. मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही.

गेल्या वर्षी डोंबिवलीतल्या एका इमारतीचा पुनर्विकास निघाला. दारं-खिडक्या बघायला मी गेलो. दुसऱ्या मजल्यावर बेल वाजवली आणि दार उघडलं ते टिपणीसकाकांनी. पंच्याऐंशीच्या आसपासचं वय, अंगावर चाळीत घालायचे तसलाच चौकडीचा शर्ट. मला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"सुरेश! अरे, ये ये. आधी तू."

त्या दोन शब्दांनीच माझं डोकं फिरलं. तरी आत गेलो. टेबलावर चित्रं पसरलेली होती. काका उत्साहाने सांगायला लागले. ठाण्याची एक मुलगी प्रकाशनाच्या धंद्यात उतरली होती. सुसाटच्या सगळ्या पिढ्या एका पुस्तकात आणत होती आणि शेवटची गोष्ट नवी हवी होती. त्या गोष्टीतली तिसरी सुसाट म्हणजे एक मुलगी होती. दुसऱ्याची भाची. स्कूटरवरून घरोघर पार्सलं पोचवणारी, डोक्याला हेल्मेट, आणि ती जुनी चप्पल स्कूटरच्या हँडलला टांगलेली. "आमच्याकडे पार्सल घेऊन येते ना, तिचा चेहरा आहे," काका म्हणाले. "तिला विचारलं. म्हणाली, नाक जरा बारीक करा."

मी पहिल्या सुसाटचं पान उचललं. बाबा माझ्याकडे बघत होते.

"काका, हा चेहरा बदला."

"बदलतो," काका म्हणाले.

"ती चप्पल नको. दोन्ही पाय अनवाणी करा, नाहीतर दोन्हीत बूट घाला."

"घालतो."

"पुस्तकात छापायचं, की ह्या चित्रांचा दिगंबर पाटकरांशी काही संबंध नाही."

"छापायला सांगतो."

इथे मी थांबलो. पंच्याऐंशीचा माणूस, आयुष्यभर काढलेलं चित्र, मालकाच्या हट्टापुढे जो केसाएवढा वाकला नाही, तो माझ्यापुढे एका दमात तीन वेळा हो म्हणाला. माझ्या धंद्यात एक गोष्ट मी शिकलोय. सांगितलेल्या भावाला समोरचा लगेच हो म्हणाला की हात मागे घ्यायचा. दार आतून वाळवीने खाल्लेलं असतं.

"काका," मी म्हणालो, "खोट कुठे आहे?"

"कसली खोट?"

"मी दारं विकतो. मला कळतं. तुम्ही भांडत का नाही?"

त्यांनी हातातला ब्रश पाण्याच्या भांड्यात ठेवला. पाणी काळं झालेलं ते बघत राहिले. मग बोलायला लागले. त्यांचा आवाज एरवी नाकातून यायचा, तो त्या दिवशी घशातून आला.

"दिगू पळाला नव्हता. मी त्याला पळवला. धूर आला तेव्हा मी म्हणालो, दिगू, तुझे पाय चांगले आहेत, तू बंबाला धाव, मी मावशीला आणतो. तो म्हणाला, नक्की? मी म्हणालो, अरे धाव! चपलेत पाय घालत होता, एकच घातला गेला. मी म्हणालो, राहू दे ती."

मी हातातलं पान टेबलावर ठेवलं.

"मी मावशीच्या दारापर्यंत गेलेलो. धूर होता, पण दिसत होतं. तिने आतून हाक मारली. प्रभाकर, आलास का रे? मी म्हणालो, आलो." त्यांनी भांड्यातला ब्रश फिरवला. "आलो म्हणालो आणि मागच्या जिन्याने खाली गेलो."

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती होत नव्हती.

"बाबांना ठाऊक होतं?"

"त्याला नाही तर कुणाला? त्याने मला एकदाच विचारलं. प्रभाकर, तू सांगशील ना सगळ्यांना? मी लगेच म्हणालो, सांगतो. अगदी लगेच." काकांनी माझ्याकडे पाहिलं. "तुझ्यासारखाच होता तो. ओळखलं त्याने. परत कधी विचारलं नाही. मग मी हे काढायला लागलो. म्हटलं, तोंडाने जमत नाही तर हाताने सांगावं. दर महिन्याला त्याला एकदा पोचवायचं. लोक हसले. मला वाटलं, चित्र काढून दोष धुतला जाईल. तो आणखी दिगूलाच चिकटला. थांबवायला हवं होतं. तेही जमलं नाही. थांबवलं असतं तर तो कुठेच पोचला नसता."

टेबल उलटं करावं असं मला वाटलं. इतकी वर्षं बाबांवरचा आणि त्या चित्रांवरचा जो राग मी भाड्याने दिल्यासारखा भलत्याच खोल्यांत ठेवला होता, तो आता खऱ्या मालकाकडे आला होता आणि मालक पंच्याऐंशी वर्षांचा म्हातारा निघाला. आणि रागाच्या खाली दुसरं काहीतरी होतं. "ह्याचं बरं आहे रे, हा पोचतो." खिडकीत बसून बाबा काय वाचत होते ते मला आत्ता कळत होतं. त्यांना ते एकट्याला कळत होतं आणि त्यांचा मुलगा अंक हातातून ओढत होता.

"चेहरा बदलू नका," मी म्हणालो. "चप्पल राहू द्या. पण जे मला सांगितलंत ते चारचौघांत सांगायचं. पुस्तकाच्या कार्यक्रमाला चाळीतले सगळे येतील. त्यांच्यासमोर."

ह्या वेळी ते लगेच हो म्हणाले नाहीत. बेल वाजली, दूधवाला येऊन गेला. काका उठून दूध ठेवून आले, परत बसले.

"जमेल का मला ते?"

"मला माहीत नाही."

"सांगेन," ते म्हणाले. हा शब्द मी घेतला.

कार्यक्रम ठाण्याच्या एका छोट्या सभागृहात होता. पहिल्या मजल्यावर. मी चाळीतल्या एकेकाला स्वतः फोन केले होते. फोनवर मी कधी कुणाची मनधरणी केलेली नाही, ती त्या आठवड्यात केली. विजू खोपकर आला, आता डोक्यावर टक्कल आणि सुटलेल्या पोटावर पट्टा. जोशीकाकू चाकाच्या खुर्चीतून आल्या. बरेच जण आले. बायकोला मी पहिल्या रांगेत बसवलं. नातवंडांना आणलं. त्यांनी त्यांच्या पणजोबांबद्दल ऐकावं, एवढंच मला हवं होतं. एवढ्यासाठीच मी जगलो असं आता वाटतं.

काका माइकपाशी आले तसं मागून कुणीतरी ओरडलं, "आलो!" सगळं सभागृह हसलं. टाळ्या. काकांनी माइक घट्ट धरला. मग त्यांनी सांगितलं. पाल्हाळ नाही, रडणं नाही. आगीच्या दिवशी दिगंबर पाटकर पळाले नव्हते, मी त्यांना बंब आणायला धाडलं. मावशीला आणायचं मी कबूल केलं होतं. तिने हाक मारली, मी आलो म्हणालो आणि तिला टाकून खाली गेलो. नंतर गप्प बसलो. ह्या पुस्तकातला धावणारा माणूस दिगू आहे. मी नाही.

मला वाटलं, झालं. बाबा पोचले.

आणि मग टाळ्या सुरू झाल्या. एक जण उठला, दुसरा उठला, सगळं सभागृह उभं राहिलं. सूत्रसंचालन करणारी मुलगी गहिवरून माइकमध्ये म्हणाली, "किती मोठं मन! कलावंत आपल्या मित्राला मोठं करताना स्वतःकडे किती कमीपणा घेतो, हे आज आपण पाहिलं." जोशीकाकू खुर्चीतून म्हणाल्या, "प्रभाकर पहिल्यापासून असाच हो. आधी दुसऱ्याला."

काका माइकमध्ये म्हणत होते, "तसं नाही. अहो, तसं नाही." टाळ्या त्यावरून जात होत्या.

"टाळ्या बंद करा!" मी ओरडलो. माझा आवाज दोन गल्ल्या जातो, सभागृहात तर भिंतीवर आपटला. "तो माणूस खरं सांगतोय! माझ्या बापाला तुम्ही आयुष्यभर पळपुटा म्हणालात, आणि ते खोटं होतं असं तो सांगतोय! कळतंय का?"

माणसं खाली बसली. नातवंडं माझ्याकडे घाबरून बघत होती. बायकोने मान खाली घातली होती. विजू माझ्या रांगेत होता. तो माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "अरे सुऱ्या, शांत हो. तुझे बाबा पळालेले का कधी? मला खरंच आठवत नाही रे."

तो खोटं बोलत नव्हता. मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. त्याला फक्त "आलो!" आठवत होतं. एक मस्त, लहानपणीचा खेळ. मागच्या रांगेतल्या दोघांनाही आठवत नव्हतं. जोशीकाकूंना आग आठवत होती, पापड आठवत होते. ज्या मालाचा भाव मी इतकी वर्षं धरून बसलो होतो, त्याला बाजारात गिऱ्हाईकच उरलं नव्हतं. जे लक्षात ठेवून आयुष्यभर शरमलो, ते फक्त आमच्याच घरात होतं. आमच्या आणि टिपणीसकाकांच्या.

पुढे काय भाषणं झाली ते मी ऐकलं नाही. चहा आला, वडे आले, पुस्तकांवर सह्या झाल्या. बायको नातवंडांना घेऊन आधीच खाली गेली. माणसं निघायला लागली. काका अर्थातच दाराशी होते. एका हाताने दार धरलेलं, दुसऱ्यात काठी. "आधी तुम्ही. सावकाश, पायरी आहे. आधी तुम्ही."

मी शेवटपर्यंत बसून राहिलो. मनात एक भाव ठरवला होता. आज त्यांना आधी बाहेर काढायचं. दार मी धरायचं आणि म्हणायचं, काका, पुरे झालं, आज आधी तुम्ही. बाबा असते तर त्यांनी हेच केलं असतं. मी उठून दाराशी गेलो. काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत एक प्रश्न होता, त्याचं उत्तर माझ्याकडे होतं. बोलायला तोंड उघडलं तर मागच्या टाळ्या परत कानात आल्या, विजूचा हात खांद्यावर आला, आणि सगळा राग उसळून त्या एका माणसावर गेला, कारण तेवढा एकच समोर होता.

"आधी तू, सुरेश," ते म्हणाले.

मी गेलो. त्यांच्याकडे न बघता, त्यांच्या हाताखालून, लहानपणी पळायचो तसाच.

चार पायऱ्या उतरलो तेव्हा वरून सभागृहाच्या माणसाचा आवाज आला, "काका, चला आता, उरलेले दिवे घालवायचेत, कुणी नाही आत."

"बघतो एकदा," काका म्हणाले.

आणि आतून, रांगांच्या मागून कुठूनतरी, एका बाईचा दमलेला आवाज आला. बाथरूमला गेलेली कुणीतरी म्हातारी असावी. "अहो, थांबा हो, मी आहे अजून. अंधार करू नका."

मी जिन्यात थबकलो. कठड्यामधून काकांची पाठ दिसत होती. दार त्यांनी खांद्याने लोटून पूर्ण उघडं धरलं होतं, आणि काठी टेकत ते आतल्या अंधाऱ्या रांगांकडे निघाले होते.

"या सावकाश," ते म्हणत होते. "मी आहे. मी इथेच आहे."

वर जायला चारच पायऱ्या होत्या. मी त्या चढलो नाही.